आक्काच्या रानातली माती

वाकडी रेघ मला सहन होत नाही. हा काही गुण नव्हे, रोग आहे, आणि तो मला फौजेनं लावला. नोकरीतली बरीच वर्षं मी रंगरुटांना कवायत शिकवण्यात घालवली. ड्रिल उस्ताद होतो. एखाद्या पोराचा खांदा दोन बोटं पुढे आला की माझ्या कपाळावरची शीर उडायची. सुभेदार होऊन निवृत्त झालो आणि गावी आलो, तर बायकोनं दोरीवर वाळत घातलेली लुगडीसुद्धा एका उंचीला आणायला लागलो. ती म्हणाली, "आवं, त्या लुगड्यांस्नी आता सल्यूट माराय लावताय काय?"

आमचं गाव माण तालुक्यात, एका उघड्याबोडक्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. घरटी एक माणूस फौजेत, नाहीतर मुंबईला माथाडी, आणि उरलेले मेंढरांमागे. पावसाच्या भरवशावर खरिपात बाजरी आणि रब्बीला शाळू ज्वारी. दुष्काळ आम्हाला नवा नाही. आम्हाला नवा आहे तो पाऊस. पूर्वी तो थोडा पडायचा, पण आठवडाभर झिमझिमत पडायचा, जमिनीला विचारून. आता महिनेच्या महिने तोंड दाखवत नाही आणि एका दुपारी येऊन तासाभरात सगळं ओतून जातो.

माझी बहीण पलूसकडे कृष्णेच्या काठावर दिलेली आहे. महापुरात तिच्या गावाला पाण्यानं वेढा घातला, त्याच आठवड्यात आमच्या गावाला पिण्याच्या पाण्याचा टँकर येत होता. दोन गावांत जेमतेम अर्ध्या दिवसाचं अंतर. पुराचं पाणी पिता येत नाही, म्हणून आम्ही जीपमध्ये भाकरी भरल्या आणि आमच्या टँकरचं पाणी कॅनमध्ये भरून तिच्या गावाला नेलं. बहिणीच्या गच्चीवर म्हैस बांधलेली होती. उसाचे नुसते शेंडे पाण्यावर हलत होते. मेहुण्यानं आमचं पाणी ओंजळीत घेतलं, प्यायला आणि रडायला लागला. मी लढाईची तयारी केलेली माणसं पाहिली आहेत, पण त्या दिवशी जितका घाबरलो तितका कधी घाबरलो नव्हतो. दुष्काळवाल्यानं पूरवाल्याला पाणी पाजायचं, ही गोष्ट माझ्या डोक्यात बसेना.

घरी आलो आणि तयारीला लागलो. एकट्यानं. मोबाईलवर असले व्हिडिओ पाहण्याचा मला नाद लागला होता, की पुढे धान्य संपणार, पाणी संपणार, माणसं एकमेकांच्या अंगावर जाणार. मी अंगणाखाली सिमेंटची मोठी टाकी बांधून घेतली. छपरावरचं पाणी त्यात सोडलं. दोन वर्षं पुरेल इतकी ज्वारी कणग्यांत भरली. छपरावर सौर पट्ट्या टाकल्या, कंपाउंडची भिंत उंच केली आणि वर काचा लावल्या. बायको उंबऱ्यात बसून बघत होती. काचा लावून झाल्यावर म्हणाली, "झालं? आता सगळं गाव उठून गेल्यावर तुमी एकटंच त्या टाकीत डोकं घालून बसा. म्या न्हाई बसायची." मी तिच्यावर चिडलो.

गाव उठणं म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. ते बॉम्ब पडल्यासारखं एका दिवसात होत नाही. आधी एक घर जातं. मग त्याच्या शेजारच्याला करमत नाही. शाळेचा पट कमी होतो, शाळा बंद होते. पोरंबाळं असलेली घरं जातात. एस.टी.ची फेरी बंद होते. शेवटी राहतात म्हातारी माणसं आणि देवळातला गुरव. आमच्या पलीकडच्या दोन वस्त्या अशाच गेल्या. तिथे आता भिंतींवर सराटे उगवलेत.

म्हणून गेल्याच्या गेल्या वर्षी गावसभेत डोंगरावर चर खणायचं ठरलं, तेव्हा मला बरं वाटलं. उतारावर आडवे चर खणायचे, पावसाचं पाणी त्यात अडवायचं, म्हणजे ते पळून न जाता जमिनीत मुरेल आणि खालच्या आडाला पाझर फुटेल. पैसा कुणाकडे मागायचा नाही, रोज सकाळी घरटी दोन माणसांनी टिकाव-खोरं घेऊन यायचं. आमच्या अंगणवाडीच्या ताई याचं प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. चर सगळीकडे एकाच पातळीत हवा, म्हणून दोन काठ्यांना पाण्याची नळी बांधून त्या पातळी बघायच्या आणि तिथे पांढरी फक्की टाकायच्या. दोन दिवसांत त्यांनी अर्धा डोंगर आखला.

मी ती आखणी पाहिली. रेघ कुठे आत शिरलेली, कुठे बाहेर आलेली. दारू पिऊन कुणी फक्की मारली असावी, तशी. आणि हे असं वेडंवाकडं आमचं फौजी गाव खणणार, रस्त्यावरून जाणारा-येणारा बघणार!

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी आणि गावातले आणखी तीन फौजी पेन्शनर डोंगरावर चढलो. पायांनी फक्की पुसली, सुतळी ताणली आणि नव्या रेघा मारल्या. सरळ. चराखाली चर, आणि सगळ्या चरांची टोकंही एकाखाली एक. माझा जीव कसा थंडावला. तिघेही म्हणाले, "उस्ताद, आता दिसतंय काहीतरी." मोर्चा, म्हणजे लढाईतला खंदक, नागमोडी खणतात हे आम्हा चौघांनाही माहीत होतं, कारण तसे मोर्चे आम्ही खणलेले होते. पण चर म्हणताच माझ्या डोळ्यांपुढे मोर्चा आलाच नाही, परेडचं मैदान आलं.

ताई आल्या, बघत राहिल्या. म्हणाल्या, "सुभेदार, पानी असं उभं ऱ्हात न्हाई."

"ताई, तुमी पोरांस्नी अक्षरं शिकवा," मी म्हणालो. "रेघ आमच्यावर सोडा."

त्यांनी वही मिटली आणि घमेलं उचललं. घरी गेल्या नाहीत, पूर्ण उन्हाळा माझ्या सरळ चरांतली माती वाहिली. हे आठवलं की अजून मान खाली जाते.

डोंगराच्या अगदी खाली, जिथे उतार संपतो, तिथे एक विधवा बाई राहते. वयानं मला मोठी, म्हणून मी तिला आक्का म्हणतो. मेंढरं विकून तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मुरमाच्या माळावर एक बिघाभर रान केलं. रान केलं म्हणजे खरोखर केलं. ओढ्यातला गाळ गाढवावरून आणून आणून त्या मुरमावर हातभर मातीचा थर दिला. नवरा गेला, गाढवं गेली, एकुलता मुलगा मुंबईला माथाडीत लागला, पण त्या रानात दरवर्षी तिचा शाळू उभा राहायचा. मुलगा बोलवायचा, ती जायची नाही. श्रमदानाला ती रोज सगळ्यांच्या आधी हजर. एकदा कंबरेवर हात ठेवून तिनं मला विचारलं, "आवं सुभेदार, माझं रान खाली हाय. वरचं पानी माझ्यावर न्हाई ना यायचं?"

मी म्हणालो, "आक्का, म्या हाय न्हवं?"

चर पुरे झाले. खालच्या रस्त्यावरून डोंगर बघण्यासारखा दिसत होता. सुट्टीला आलेल्या मुंबईकर पोरांनी फोटो काढले, शेजारच्या गावचे लोक बघून गेले. मी रोज संध्याकाळी रस्त्यावर जाऊन उभा राहायचो आणि मनातल्या मनात सलामी घ्यायचो. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

मे महिन्याच्या शेवटी एका दुपारी वळीव आला. आभाळ डोंगराच्या मागून काळं होत आलं आणि बघता बघता कोसळलं. गारा, वारा आणि असलं पाणी की समोरचं घर दिसेना. मी खुशीत होतो, म्हणालो आता चर भरणार. पण अर्ध्या तासात डोंगराकडून आवाज यायला लागला. धडधड नव्हे, घरघर. लष्करात पहाडी नाल्यांचा आवाज ऐकला होता, म्हणून लगेच कळलं.

डोंगर सगळीकडे सारखा नसतो. कुठे पोट असतं, कुठे बगल. सरळ रेघ एका टोकाला उंच जाते, दुसऱ्या टोकाला खाली. माझ्या प्रत्येक चरातलं पाणी थांबलं नाही, खालच्या टोकाकडे पळालं. आणि सगळी टोकं मीच एकाखाली एक आणली होती. वरच्याचं खालच्यात, खालच्याचं त्याच्या खालच्यात. डोंगरावर पडलेलं सगळं पाणी मी स्वतःच्या हातानं एका ओघळीत गोळा करून दिलं, आणि ती ओघळ सुटली ती थेट आक्काच्या रानावर.

पाऊस थांबल्यावर मी धावत गेलो. रान राहिलं नव्हतं. खरवडलेल्या तव्यासारखा मुरूम वर आला होता. बांधाचे दोन दगड शिल्लक. आक्का मधोमध उभी होती, घोंगडं भिजून अंगाला चिकटलेलं. मी तिच्यापुढे सावधान उभा राहिलो.

"आक्का, माझं चुकलं. ताईची रेघ बरोबर व्हती. म्या बदलली."

ती माझ्याकडे बघत नव्हती. खाली वाकून तिनं मुरमाचे खडे चिमटीत घेतले, चोळले. "बारीक व्हती वो सुभेदार," ती म्हणाली. "पिठागत व्हती."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी तिच्या मुलाचा फोन आला. पुढच्या आठवड्यात टेम्पो घेऊन येतो, पत्रे उतरवून सामान भरू, आता त्या डोंगराखाली राहायचं नाही. त्यात त्याचं काय चुकलं? गावात मात्र सगळ्यांची तोंडं उतरली. डोंगराखालच्या त्या वस्तीवर आक्काचं धरून सात घरं, आणि तिच्या मागे दोन घरं तरी निघणारच होती. मी गावसभेत उभा राहून केलेलं सगळं सांगितलं. माझ्या तिघा साथीदारांनी माना खाली घातल्या. आक्का सभेला आलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची क्षमा मागायला म्हणून तिच्या घराकडे निघालो. घराला कडी होती. ती ओढ्यातून चढत येत होती, डोक्यावर पाटी, पाटीत माती. रानात येऊन तिनं पाटी ओतली, हातानं पसरली आणि परत ओढ्याकडे उतरली.

मी तिच्यामागून गेलो. ओढ्याच्या वळणावर, जुन्या बंधाऱ्याच्या पोटाशी, वाहून आलेल्या गाळाचा हा ढीग साचला होता. त्यात साऱ्या डोंगराची माती, वाळू, गोटे. आक्का त्यातून निवडत होती. एक ढेकूळ उचलायची, फोडायची, वास घ्यायची. "ही माझी," म्हणून पाटीत टाकायची. दुसरं उचलायची, "ही वरल्या माळाची," म्हणून बाजूला करायची. मी विचारलं, आक्का, तुला कळतं कसं? ती म्हणाली, "कळंल न्हाई तर! चाळीस वरीस हिच्यात हात घातलाय. हिच्यात चुनखडी हाय बारीक. आन मेंढराचा वास हाय. घ्या की."

मी वास घेतला. मला ओल्या मातीपलीकडे काही आलं नाही. पण तिचे डोळे मिटलेले, नाकाशी ढेकूळ आणि चेहऱ्यावर ओळख पटल्याचं समाधान, हे बघून मी हातातलं ढेकूळ जपून तिच्या पाटीत ठेवलं. जत्रेत हरवलेलं लेकरू सापडावं तशी ती आपली माती शोधत होती. रान वाहून गेलं असं आम्ही सगळे म्हणत होतो. ती म्हणत नव्हती. तिच्या लेखी रान खाली जाऊन बसलं होतं, ते वर आणायचं एवढंच काम होतं.

मी मनात हिशेब केला. एकट्या बाईला हे या जन्मात होणार नाही. मग घरी जाऊन दोन पाट्या आणल्या, एक माझ्यासाठी आणि एक बायकोसाठी.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं. दुसऱ्या दिवशी ताई आल्या, आणि माझे तिघे पेन्शनर, तोंडं चोरत. तिसऱ्या दिवशी वस्तीवरची सातही घरं. कुणी दवंडी दिली नाही, सभा घेतली नाही. पाचव्या दिवशी मी सकाळी वळणावर पोचलो आणि थबकलो. ओढ्यापासून रानापर्यंत सगळा चढ माणसांनी भरला होता. जो तो आपल्या जागी उभा आणि पाटी हातातून हातात वर चाललेली. सरपंच होते, गुरव होता, मुंबईहून सुट्टीला आलेल्या सुना होत्या, काठी टेकत आलेले दोघं म्हातारे रिकाम्या पाट्या खाली देत होते. खाली आक्का, निवडून देणारी. मी आयुष्यात हजारो माणसांना हुकूम दिले, त्यांचे हातपाय एकदम हलवून दाखवले. इथे हुकूम नव्हता. एकमेकींशी सासरमाहेरच्या गप्पा मारत बायका पाट्या फिरवत होत्या आणि एकही पाटी अडत नव्हती. सवयीनं माझ्या तोंडून "एक-दो" निघालं तर बायको खेकसली, "तुमी गप ऱ्हावा. मधी बोललं की मोडतंय." मी गप राहिलो.

उन्हाचा कहर होता. सकाळी दहापर्यंत आणि चारनंतर, असंच काम व्हायचं. एवढ्या माणसांना प्यायला पाणी कुठून? टँकर तर दोन दिवसांआड. सहाव्या दिवशी बघतो तर माझ्या अंगणातल्या टाकीचं झाकण उघडं आणि बायको कळश्या भरून देतेय. मला विचारलं नव्हतं. मी रागानं काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "कुणासाठी बांदली व्हती मग?" रोज संध्याकाळी मी टाकीत काठी घालून बघायचो. पाणी उतरत होतं आणि मला भीती वाटत होती, हे खोटं सांगत नाही. काम संपायच्या दोन दिवस आधी काठी कोरडी निघाली. त्या रात्री मला झोप लागली, याचं मला अजून नवल वाटतं.

मधेच एक दिवस बहिणीचा नवरा कृष्णेकाठचे आठ-दहा जण घेऊन ट्रॅक्टरनं आला. म्हणाला, "तवा तुमी पानी आणलंत." आमच्या चढावर त्या ऊसवाल्यांची दमछाक झाली, पण हटले नाहीत. जाताना म्हणाला, आक्का, आमच्या नदीकाठच्या मळीची काळीभोर माती आणून टाकतो चार ट्रॉल्या, कशाला निवडत बसता? आक्का हसली. रान वाहून गेल्यानंतरचं तिचं पहिलं हसू ते. म्हणाली, "नगं बाबा. तुमची माती उसाला सवकल्याली, रोज पानी मागंल. माझी उपाशी ऱ्हायाला शिकल्याली हाय."

आणि मग मुलगा टेम्पो घेऊन आला. दुपारची वेळ, आम्ही जेवायला बसलो होतो. त्यानं रान बघितलं. अर्ध्यावर माती आली होती. आईकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. त्यानं शर्ट काढून टेम्पोच्या आरशाला अडकवला. चार वाजता रांग लागली तेव्हा तो माझ्या आणि ताईंच्या मध्ये उभा होता. माथाडीचा गडी तो, आम्ही एक पाटी देईपर्यंत दुसरीला हात पुढे करायचा. दोन दिवस राबला. निघताना आईला म्हणाला, "आये, ह्या वर्साला ऱ्हा. पर अजून एकदा वाहून गेली तर तुला माझ्यासंगं यायचं. कबूल?"

ती म्हणाली, "कबूल." रिकामा टेम्पो परत गेला, आणि आमचं सगळ्यांचं चित्त त्या एका शब्दावर टांगलं गेलं.

जून-जुलैत आम्ही डोंगर पुन्हा खणला. माझे चर बुजवले. ताईंनी नळी काढली. दुसरी काठी धरायला माणूस हवा होता, मी पुढे झालो. त्या म्हणाल्या, "सुभेदार, हलू नगा." मी हललो नाही, हलायचं नाही एवढं तर मला येतंच. त्यांनी सांगितलं इथे, की फक्की तिथे. रेघ आत वळली की मी वळलो, बाहेर आली की बाहेर आलो. आठ दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की डोंगराला पोट कुठे आणि बगल कुठे, हे मी जन्मभर समोर बघूनही आत्ताच बघतोय.

पावसाळा कोरडा गेला. आभाळ यायचं, जायचं. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. रोज कुणीतरी म्हणायचं, "बरं झालं न्हाई आला." आणि दुसरा म्हणायचा, "आसं कुटं आस्तंय व्हय?" पावसाची वाटही बघत होतो आणि त्याला भीतही होतो.

तो सप्टेंबर सरता सरता आला, भर दुपारी. मेमधल्यापेक्षा मोठा. मी पोतं डोक्यावर घेऊन डोंगराकडे निघालो तर ताई पुढे चढत होत्या, मागून बायको. बोलायची सोय नव्हती. पहिल्या चराशी पोचलो आणि मी कान टवकारले. तो आवाज येतो का, एवढंच ऐकत होतो.

येत नव्हता. पावसाचा आवाज होता, पाण्याचा नव्हता. चर काठोकाठ भरला होता आणि त्यातलं पाणी कुठेच चाललेलं नव्हतं. ना इकडे, ना तिकडे. त्याच्या वरचा तसाच, त्याच्या वरचा तसाच. डोंगर जिथे आत वळला तिथे पाणी आत वळून उभं, जिथे बाहेर आला तिथे बाहेर. एवढा मोठा पाऊस त्या साध्या मातीच्या चरांत शहाण्यासारखा बसला होता. मी मैलभर लांब पसरलेल्या पलटणी एका इशाऱ्यावर स्तब्ध होताना पाहिल्या आहेत. पण हे पाणी असं उभं राहिलेलं बघून मला हात जोडावेसे वाटले, आणि मी जोडले. बायकोनं ते पाहिलं आणि पहिल्यांदाच माझी चेष्टा केली नाही. ताई नुसत्या रडत होत्या.

खाली आलो. आक्का बांधावर घोंगड्याची खोळ घेऊन बसली होती, नजर डोंगराकडे. दुपारपासून ती तशीच बसून होती म्हणे. तिच्या रानावर पडलेलं पाणी रानातच झिरपत होतं. वरून काही आलं नव्हतं. ती उठली, वाकली, ढेकूळ घेतलं, फोडलं. मग मोबाईल माझ्या हातात देऊन म्हणाली, "लावा पोराला."

मी फोन लावून दिला. पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. तिचं बोलणं एवढंच होतं: "माती हाय. तू ये. पेराय मानूस न्हाई."

तो आला. चार दिवसांसाठी आला, तेवढीच रजा मिळाली. रानाला वाफसा आल्यावर, म्हणजे चिखल सुकून पेरणीजोगी ओल राहिल्यावर, शेजारच्या वस्तीवरची बैलजोडी मागून पेरणीची पाभर जुंपली. तो बैलांमागे, आक्का पाभरीच्या चाड्यावर, बी सोडायच्या लाकडी वाटीवर, मूठ धरून शाळू सोडत चाललेली. मी बांधावर उभा होतो. पेरणी आटपली, बैलं सोडली, आणि तो माझ्याजवळ येऊन घाम पुसत उभा राहिला.

"सुभेदार, येक इचारू? ह्याच्यापरीस मोठा आला आन् परत वाहून गेली तर?"

रंगरुटानं विचारलेल्या प्रश्नाला माहीत नाही म्हणायचं नसतं, हे मी जन्मभर पाळलं. पण आक्का समोरच होती आणि तिच्यासमोर आता मला खोटं बोलवेना.

"जाईल बी," मी म्हणालो. "जाणार न्हाई आसं म्या सांगू शकत न्हाई. गेली तर परत आणू."

त्यानं मान हलवली. खिशातून मोबाईल काढून माझा नंबर आहे का ते पाहिलं.

"मग लगेच फोन करा," तो म्हणाला. "रांगेत उभं ऱ्हायचं तर मला रजा टाकाय लागती."